मैदानातील गीत आणि औचित्याचा प्रश्न

क्रीडामहोत्सवात कोणी गावे, कोणी वाजवावे, कोणी नाचावे, हा प्रश्न वरवर पाहता कलामीमांसेच्या कक्षेबाहेरचा वाटतो. आयोजकांनी कोणास आमंत्रण द्यावे व त्यास किती बिदागी द्यावी, हा व्यवहाराचा भाग झाला. तथापि अशा निवडीवरून वेळोवेळी जो लोकक्षोभ उसळतो त्याची भाषा तपासली असता ती व्यवहाराची नसून समीक्षेची असल्याचे आढळते. हे गीत या प्रसंगास शोभत नाही, हा गायक आपला नव्हे, हे नृत्य आपल्या अभिरुचीस सोडून आहे, अशी ती विधाने असतात. म्हणजे आक्षेप असतो तो अनौचित्याचा. अकराव्या शतकात क्षेमेंद्राने औचित्य हे काव्याचे जीवित मानले आणि अलंकार अस्थानी पडला की तो हास्यास्पद कसा होतो हे कमरपट्टा गळ्यात घालणाऱ्याच्या दाखल्याने सांगितले. क्षेमेंद्रापुढे काव्य होते. आपल्यापुढे मैदान आहे. मैदानात गळा कोणता आणि कंबर कोणती, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, येथूनच वादास आरंभ होतो.

अशा लोकक्षोभात दोन निराळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. गीत चांगले की वाईट, हा एक. आणि मैदान कोणाचे, हा दुसरा. दुसरा प्रश्न उघडपणे विचारणे अवघड असते, म्हणून तो पहिल्याचे वस्त्र पांघरून येतो. समीक्षकाने निदान हे वस्त्र ओळखले पाहिजे. या दृष्टीने काही प्रसंगांचा विचार येथे केला आहे.

आपल्या परंपरेतील पहिला नाट्यप्रयोगच मुळी अशा क्षोभाने उधळला गेला, याचे स्मरण येथे उचित ठरेल. नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायातील कथा सर्वपरिचित आहे. प्रसंग इंद्रध्वजाच्या उत्सवाचा, म्हणजे विजयोत्सवाचा. देवांनी दैत्यांचा पराभव कसा केला याचे अनुकरण रंगभूमीवर सुरू होताच विरूपाक्षाच्या पुढाकाराने विघ्ने उठली आणि नटांची वाणी, हालचाल व स्मृती त्यांनी थिजवून टाकली. इंद्राने ध्वजदंडाने, म्हणजे जर्जराने, त्यांना झोडपून काढले. पोलिसी बंदोबस्ताचा हा आद्य नमुना म्हणावयास हरकत नाही. पण बंदोबस्ताने प्रश्न सुटला नाही. शेवटी ब्रह्मदेवाला दैत्यांशी बोलावे लागले. दैत्यांचे म्हणणे असे की, तुम्ही जसे देवांचे जनक तसेच आमचेही. मग देवांच्या इच्छेवरून आम्हालाच खाली पाहावयास लावणारी ही विद्या का निर्माण केली? त्यांनी प्रयोगाच्या गुणदोषांविषयी एक अक्षरही काढले नाही. उत्सवाचा यजमान कोण आणि त्यात आमचे स्थान काय, एवढेच त्यांनी विचारले. ब्रह्मदेवानेही उत्तर त्याच पातळीवर दिले: हे नाट्य केवळ तुमचे नव्हे, केवळ देवांचेही नव्हे, ते तिन्ही लोकांचे आहे.

याच ग्रंथाच्या पाचव्या अध्यायातील दुसरी कथा तुलनेने कमी परिचित, परंतु आपल्या विषयाला अधिक जवळची आहे. पूर्वरंगात नारदादिकांनी 'निर्गीत' सादर केले. निर्गीत म्हणजे सार्थ शब्द नसलेले, निरर्थक अक्षरे व वाद्ये यांवर उभारलेले संगीत. ते दैत्य-राक्षसांना विलक्षण आवडले. देवांच्या पराक्रमाची स्तुती करणारी गीते देवांना लखलाभ असोत, आम्ही हे निर्गीत घेतो, असे ते म्हणू लागले. त्यामुळे रुष्ट झाले ते देव! हा प्रकार बंद करा, अशी त्यांनी नारदाकडे मागणी केली. नारदाने ती मानली नाही. निर्गीत राहील, असे त्याने सांगितले. देवांनी स्पर्धाभावाने त्याला 'बहिर्गीत' असे नाव दिले, इतकेच. ज्या संगीतात शब्दच नाही त्यावर आक्षेप घेण्यास वास्तविक जागा नव्हती. आक्षेप होता तो ते ऐकून कोण डोलतो यावर.

निर्गीताची ही कल्पना मनात ठेवून कोल्हापूरच्या खासबाग मैदानाकडे पाहावे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली हे मैदान उभे केले. १९०२ च्या युरोप-प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. मध्यभागी तांबड्या मातीचा हौद आणि भोवती चढत जाणारी बैठक, अशी त्याची रचना असल्याने शेवटच्या रांगेतील शेतकऱ्यालाही डाव स्वच्छ दिसतो. त्याला लागूनच १९१५ साली पॅलेस थिएटर उभे राहिले. पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. कुस्ती आणि गाणे यांना एकाच आवारात शेजार देणारा हा राजा होता. त्याच्याच दरबारी अल्लादिया खाँसाहेब गायक होते. खाँसाहेबांची निवड प्रजेला विचारून झाली नव्हती आणि विचारावे असे कोणाला वाटण्याचा तो काळही नव्हता. मैदान महाराजांचे, दरबार महाराजांचा, तेव्हा गायकही महाराजांचा. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, हे नाट्यगृह आगीत भस्मसात झाले तेव्हा शहरातील सामान्य माणूस ते आपले घर जळाल्यासारखा हळहळला. शंभर वर्षांत मालकी कोणाकडून कोणाकडे गेली, याचे याहून स्पष्ट प्रमाण शोधण्याची गरज नाही. लोकक्षोभ हा या हस्तांतराचाच एक परिणाम होय. जेथे मैदान आपले आहे अशी लोकांची भावना नसते तेथे गायकाच्या निवडीवरून कोणी रागावत नाही.

खासबागेतील कुस्तीचे संगीत हलगीचे. तिच्या जोडीला घुमके आणि कैताळ. बकऱ्याच्या कातड्याने मढविलेले हे पसरट वाद्य छातीशी धरून एका हातातील जाड व दुसऱ्या हातातील बारीक काडीने वाजवितात. मल्ल हौदात उतरण्यापूर्वी हलगीच्या मागून मैदानाची फेरी घेतो, तेव्हा ठेका ऐटीचा असतो. सलामी झडून खडाखडी सुरू झाली की तो संथ, काहीसा सावध होतो. पकड बसली, एकाने दुसऱ्याला खाली घेतले, की काड्या एकदम दाट पडू लागतात आणि हजारो माणसे त्या दाट ठेक्यावर श्वास धरून बसतात. वादकाची नजर हातांवर नसते, ती मल्लांच्या पायांवर असते. पुढच्या क्षणी काय होणार हे अनेकदा त्याला प्रेक्षकांच्या आधी कळते, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे. चित झालेला मल्ल पाहण्यापूर्वी तो हलगीतून ऐकू येतो.

मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांची मांडणी केली. ती करताना त्यांच्या डोळ्यांपुढे कुस्तीचे मैदान खासच नसणार. तरीही हलगीचे वादन या तत्त्वांचा जिवंत दाखला आहे. मल्ल थबकले की हलगी त्यांच्याशी संवाद साधते. दोघे अडकून पडले आणि मैदान निरुत्साह झाले की ती मुद्दाम उठाव घेते, म्हणजे विरोधाने चेतविते. येथे संगीत खेळाच्या आधी किंवा नंतर सादर होत नाही. ते खेळाच्या आत असते, आणि शब्द नसल्यामुळे ते या तालमीचेही नसते व त्या तालमीचेही नसते. कोल्हापूरचे निर्गीत ते हेच. हलगीवाल्याच्या निवडीवरून लोकक्षोभ झाल्याचे ऐकिवात नाही.

यावरून कोणी असा सिद्धांत काढील की, संगीत खेळाच्या आत असले म्हणजे ते उचित आणि बाहेरून आणून बसविले म्हणजे अनुचित. सिद्धांत आकर्षक आहे. प्रस्तुत लेखकही काही काळ त्याच्या मोहात होता. परंतु २००८ साली महाराष्ट्रात जे घडले त्याने तो टिकत नाही. त्या वर्षी एप्रिलमध्ये इंडियन प्रीमियर लीगचे सामने प्रथम सुरू झाले आणि सीमारेषेजवळ नाचणाऱ्या परदेशी तरुणींवरून मुंबई व नवी मुंबई येथे मोठा गदारोळ उठला. राज्याच्या मंत्रिमंडळातून आक्षेप आले, बंदीची भाषा झाली, पोलिसांच्या परवानगीचा प्रश्न निघाला. अन्यत्र आयोजकांनी पोशाखात पालट करून वेळ निभावून नेली. आता रचनेच्या दृष्टीने पाहिले तर या नर्तकींचे कार्य हलगीहून फारसे भिन्न नव्हते. चौकार गेला, गडी बाद झाला, की त्या नाचत. खेळ थांबला की त्याही थांबत. त्यांचे नृत्यही खेळाला दिलेला प्रतिसाद होता, आणि त्यातही शब्द नव्हता. तरी आक्षेप आला, कारण आक्षेपाचा रोख रचनेवर नव्हता. स्त्रीने भर मैदानात, दिवे लावून, पुरुषांच्या खेळाच्या काठावर नाचावे, आणि तीही परकीय, हे खुपत होते. ज्या महाराष्ट्राने लावणीला डोक्यावर घेतले त्याच महाराष्ट्राने २००५ साली बारमधील नृत्यावर बंदी घातली. ती २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली व २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानेही हा निकाल कायम केला. ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे २००८ चा गदारोळ क्रिकेटविषयी नव्हताच, हे उमगते. आणि आयोजकांचे उत्तर पाहा: त्यांनी कापड वाढविले. नृत्य नीरस होते, साचेबंद होते, दहाव्या षटकानंतर त्याकडे कोणाचे लक्षही राहत नसे, ही कलेची तक्रार कोणीच केली नाही.

याच्या उलट प्रकार २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या वेळी घडला. आयोजन समितीचे अध्यक्ष पुण्याचे सुरेश कलमाडी. स्पर्धेच्या अधिकृत गीतासाठी ए. आर. रहमान यांची निवड झाली, तेव्हा ती सर्वांना योग्यच वाटली. आदल्या वर्षीच त्यांना ऑस्कर पारितोषिके लाभली होती. २८ ऑगस्ट २०१० रोजी गीत प्रसिद्ध झाले आणि सूर पालटला. चाल मनात घर करीत नाही, उठाव नाही, अशी तक्रार सर्वत्र सुरू झाली; खुद्द आयोजन समितीतूनही नापसंती व्यक्त झाली. बिदागी ५ कोटींच्या घरात असल्याचे छापून आल्यावर तर चालीचा हिशेब रुपयांत होऊ लागला. रहमान यांनी गीतात फेरफार केले. ३ ऑक्टोबरच्या उद्‌घाटन समारंभात ते स्वतः गायले, त्यांनी आपले आधीचे लोकप्रिय चित्रपटगीतही सादर केले आणि स्टेडियमने त्यांना दाद दिली.

या प्रसंगी गीतावरील आक्षेप बऱ्याच अंशी रास्त होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मैदानी गीताला जो एक सहज उचलता येणारा, हजारो कंठांना झेपणारा तुकडा लागतो तो त्या रचनेत उशिरा येतो व आल्यावरही ठसत नाही. परंतु क्षोभाची तीव्रता या दोषाच्या मानाने फारच अधिक होती. बांधकामांतील दिरंगाई आणि खर्चातील गैरव्यवहारांचे आरोप यांनी त्या उन्हाळ्यापासूनच लोक चिडलेले होते. हिशेब मागण्याचा अधिकार ज्यांना बजावता येत नव्हता त्यांना एक चाल मात्र नापसंत करता येत होती. संगीताचे गुणदोष कळण्यास कोणाच्या परवानगीची गरज नसते, हे अशा वेळी मोठे सोयीचे पडते. रहमान यांच्यावर पडलेल्या दगडांपैकी निम्मे तरी दुसऱ्याच कोणासाठी उचललेले होते.

त्या तक्रारींत एक तुलना वारंवार येत असे. त्याच वर्षी जून-जुलैमध्ये दक्षिण आफ्रिकेत झालेल्या फुटबॉल विश्वचषकाचे शकिरा यांनी गायलेले गीत पाहा, ते कसे उत्साहाने सळसळते, असे आपल्याकडील टीकाकार म्हणत. आता गंमत अशी की, तेच गीत निवडले गेले तेव्हा दक्षिण आफ्रिकेत त्यावर टीकेची झोड उठली होती. आफ्रिका खंडातील पहिल्या विश्वचषकाचे गीत कोलंबियाच्या गायिकेने का गावे, हा तेथला प्रश्न. सोबत फ्रेशलीग्राउंड हा स्थानिक वाद्यवृंद घेतला होता, पण तो दुय्यम स्थानी. शिवाय गीताचा गाभा कॅमेरूनच्या गोल्डन साउंड्स या वृंदाच्या १९८६ च्या गीतावरून घेतलेला. म्हणजे चाल आफ्रिकेची, कंठ परका, आणि यजमान बाजूला. जे गीत दिल्लीकरांनी औचित्याचा आदर्श म्हणून दाखविले ते जोहान्सबर्गकरांना अनौचित्याचे उदाहरण वाटले होते! दोन्ही टीका प्रामाणिक होत्या. दिल्लीकर केवळ गीत ऐकत होते, कारण ते मैदान त्यांचे नव्हते. जोहान्सबर्गकरांना ते केवळ गीत म्हणून ऐकणे शक्यच नव्हते.

काळाच्या ओघात असा आक्षेप कसा विरतो आणि कसा पुन्हा उगवतो, याचे उदाहरण अमेरिकेत सापडते. ७ ऑक्टोबर १९६८ रोजी डेट्रॉइट येथे बेसबॉलच्या अंतिम मालिकेतील पाचव्या सामन्यापूर्वी होसे फेलिसियानो या अंध तरुण गायकाने गिटारवर आपल्या ढंगाने राष्ट्रगीत गायले. तो पोर्तो रिकोचा. व्हिएतनामच्या युद्धाने देश दुभंगलेला होता. राष्ट्रगीताची चाल बदलली म्हणून श्रोत्यांनी संतप्त दूरध्वनी केले आणि पुढे काही काळ अनेक नभोवाणी केंद्रांनी त्याची गाणी वाजविणेच बंद केले. पन्नास वर्षांनंतर, १४ जून २०१८ रोजी, वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात नव्या नागरिकांच्या शपथविधीला त्याच्याकडून तीच चाल सन्मानाने गाऊन घेण्यात आली. चालीत या काळात काही सुधारणा झाली नव्हती. त्यानंतर सातच वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या मध्यंतरासाठी बॅड बनी या गायकाची निवड जाहीर झाली आणि तो स्पॅनिशमध्ये गातो यावरून पुन्हा वादळ उठले. राष्ट्राध्यक्षांनीही त्यात भाग घेतला. हा गायकही पोर्तो रिकोचाच. त्या बेटाच्या रहिवाशांना १९१७ पासून अमेरिकेचे नागरिकत्व आहे. एका खेपेस चाल परकी ठरली, दुसऱ्या खेपेस भाषा. हे बेट अमेरिकेच्या घरातले की अंगणातले, या प्रश्नाला मात्र दोन्ही खेपांत कोणी हात घातला नाही.

ही उदाहरणे पाहिल्यावर खासबागेच्या हलगीकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण तिच्यासंबंधी वर केलेले विधान अर्धवट आहे. हलगीवाल्याच्या निवडीवर आक्षेप येत नाही, हे खरे. पण त्याचे सारे श्रेय निर्गीताच्या गुणाला देणे म्हणजे आपल्या गावाला फार स्वस्तात प्रमाणपत्र देणे होईल. हलगी वाजविणे हे परंपरेने मातंग आणि पूर्वीच्या महार समाजाकडे आलेले काम. गावकीच्या व्यवस्थेत ती कला मानलेली नव्हती. ती सेवा होती. ज्याची निवडच होत नाही, जो जन्मानेच त्या जागी उभा केला जातो, त्याच्या निवडीवर आक्षेप कोण घेणार? आक्षेप घेण्यासाठी आधी त्याला कलावंत म्हणून पाहावे लागते. अल्लादिया खाँसाहेबांचे नाव इतिहासात आहे; त्याच काळात शेजारच्या हौदाकाठी ज्यांनी हलगी वाजविली त्यांची नावे सांगा म्हटले तर आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील?

ज्या राजाने हे मैदान बांधले त्यानेच १९१८ साली आपल्या संस्थानात महार वतने रद्द केली, म्हणजे जन्माने लादलेल्या सेवेतून माणसे मोकळी करण्यास आरंभ केला. पुढे १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेक बौद्धांनी गावकीची अन्य कामे सोडली त्याबरोबर हलगीही खाली ठेवली. त्यांच्या लेखी हलगीवर घेतलेला हा आक्षेपच होता, आणि या विषयातील सर्वांत गंभीर आक्षेप कदाचित हाच असेल. फरक इतकाच की तो प्रेक्षकांनी घेतलेला नव्हता, वादकाने घेतलेला होता. त्याचीही कसोटी औचित्याचीच होती: या प्रसंगी, या जागी, या अटीवर मी वाजविणे मला शोभत नाही. दैत्यांनी ब्रह्मदेवाला विचारलेला प्रश्न येथे वेगळ्या मुखातून आला आणि तो ऐकावयास बहुतेक ठिकाणी कोणी ब्रह्मदेव बसलेला नव्हता. ज्यांनी हलगी ठेवली नाही, त्यांच्यापैकी काहींनी तिलाच प्रतिष्ठा मिळवून दिली. आज मिरवणुकींत, रंगमंचांवर व चित्रपटांतही हलगीवादक कलावंत म्हणून उभे राहतात. दोन्ही मार्गांना आपापले औचित्य आहे आणि त्यांतील एकाच्या बाजूने निकाल देण्याचा अधिकार प्रेक्षागारात बसलेल्या समीक्षकाला नाही.

कुस्तीच्या मैदानाचे जाहिरातपत्रक कोणत्याही जत्रेच्या आधी गावोगावच्या भिंतींवर पाहावयास मिळते. त्यावर जोडीतील मल्लांची छायाचित्रे असतात. त्यांच्या तालमी, त्यांचे वस्ताद, इनामाची रक्कम, ते देणाऱ्याचे नाव, पंच, निवेदक, निमंत्रक, एवढेच काय मंडप घालणाराही असतो. हलगीवाल्याचे नाव क्वचितच आढळते. मैदानाच्या दिवशी तो बाकीच्यांच्या आधी येतो, कडेला काटक्यांचा जाळ करून कातडे शेकतो, बोटाने टिचकी मारून ताण अजमावतो. चांगला उठाव घेतला तर कोणी उत्साही प्रेक्षक खाली उतरून त्याच्या हातात नोट देतो आणि निवेदक देणाऱ्याचे नाव पुकारतो. उद्या त्या पत्रकावर वादकाचेही नाव छापले गेले, त्याची बिदागी ठरली, अमक्या गावचा नको तमक्या गावचा आणा असे कोणी म्हणू लागला, तर खासबागेतही वाद होतील. ते अप्रिय असतील. परंतु त्या दिवशी हलगीविषयी काही बोलताना तिच्या वादकाला ओलांडून जाणे कोणाला शक्य होणार नाही.